नाका लागलाय, आतनं या

गल्लीतला
२ जानेवारी, रात्री १०:४०

कायद्यातलं कोण जाणकार असेल तर जरा बघा. मावसभाऊ ३१ तारखेला रात्री पिऊन गाडी चालवताना सापडला. वय २६, उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. बेळगावच्या कॅम्पात ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायला पाच-सहा जण गेले होते, दरवर्षी जातात. बारा वाजता गवताचा म्हातारा पेटला, त्याच्या पोटातले फटाके फुटले, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि तासाभरानं हे अनगोळकडं निघाले. काँग्रेस रोडला बॅरिकेड. हा सरळ जाऊन थांबला. म्हणतो, मला वाटलं हेल्मेट बघूलाल्यात.

नळी तोंडाला लावली, मशीननं ७४ दाखवलं. चिठ्ठी निघाली, सही घेतली, लायसन्स घेतलं, गाडी ठाण्यात. याला सिव्हिलला नेऊन डॉक्टरकडून तपासलं आणि मग मला फोन करून माझ्या ताब्यात दिलं. कोर्टात यायची तारीख दिलीय.

आता पुढं काय होतं? दंड किती? जेल वगैरे होते काय? लायसन्स कधी मिळतं? तो शप्पथ घेऊन सांगतोय की एकच बिअर घेतली होती. मावशीला अजून सांगितलेलं नाही. गाडी गॅरेजला टाकलीय असं सांगितलंय.

कुंदाप्रेमी
२ जानेवारी, रात्री १०:५२

'एकच बिअर' हा बेळगावात सगळ्यांत जास्त खपणारा ब्रँड आहे.

तिसरे_गेट
२ जानेवारी, रात्री ११:०५

थांबा की जरा. फेब्रुवारी २०२३ ला सरकारनं थकलेल्या चलनांवर ५० टक्के सूट दिली होती, माझे साडेतीन हजार वाचले होते. परत तसं काही निघेपर्यंत तारखा घ्यायच्या. कशाला घाई करायची?

काळा_कोट
२ जानेवारी, रात्री ११:३०

वकील नाही मी, वकिलाकडं १४ वर्षं कारकून आहे. तिसरे_गेट यांचं ऐकू नका.

हेल्मेट, सिग्नल, नो पार्किंग हे जागेवर दंड भरून मिटणारे गुन्हे. त्यांचे दर राज्य सरकार ठरवू शकतं. सप्टेंबर २०१९ ला कर्नाटकानं ते कमी केलेही, हेल्मेटचे १,००० चे ५०० झाले. मोटार वाहन कायद्यातलं दारूचं कलम १८५ त्या यादीत येतच नाही. त्यात तडजोड नाही. म्हणून पोलिसाला पावती फाडता येत नाही आणि लोकअदालतीतही ते मिटत नाही. कोर्टासमोर उभं राहायचं, दुसरा रस्ता नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला १०,००० दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याआधी दंड २,००० पर्यंत होता, लोक खिशात पैसे घेऊनच प्यायला बसायचे. दुसऱ्यांदा सापडला तर १५,००० दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पहिल्या वेळी, अपघात वगैरे काही नसेल तर मी बघितलेल्या बहुतेक प्रकरणांत दंडावर भागलंय. पण न्यायाधीशांच्या मनात काय आहे हे कारकुनानं सांगू नये.

सिव्हिलला नेलं म्हणजे पोलिसांनी नियमानं केलं. १८५ खाली विनावॉरंट अटक करता येते, पण अटकेपासून दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही तर सोडून द्यावं लागतं. असं कायद्यातच लिहिलंय.

गाडी जप्त झाली म्हणून रडू नका. पिलेल्या माणसाच्या हातात ती परत देता येत नाही म्हणून नेतात. दंड भरल्याची पावती, आरसी, विमा घेऊन गेलात की सुटते. विमा चालू आहे ना बघा आधी. निम्म्या लोकांचा तिथं अडकतो.

लायसन्सचं मात्र वेगळं. ते आरटीओकडं जातं. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्ये सांगितलंय की दारूच्या केसला कमीत कमी तीन महिने लायसन्स निलंबित करा. ते तीन महिने धरूनच चाला.

नाईटड्युटी
३ जानेवारी, पहाटे ३:१५

लॅबमध्ये असते, आता जरा निवांत आहे म्हणून लिहिते. सगळे त्या पोराला हसताय, पण हिशोब करून बघा.

मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. साठाच्या पेगाचं सोडा, ३० मिलीच्या पेगात (४२.८ टक्केवाली आपली नेहमीची व्हिस्की-रम) साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ७० किलोच्या माणसाच्या रक्तात त्यानं अंदाजे २० चढतात. म्हणजे दोन छोटे पेग झाले की मर्यादा गेली. ५० किलोच्या बाईला एकच पेग पुरतो.

आता बिअर. ६५० मिलीची स्ट्राँग बाटली ८ टक्क्यांची. त्यात ४० ग्रॅमवर अल्कोहोल, चार छोटे पेग! रक्तात ८५ च्या आसपास. शरीर तासाला साधारण १५ उतरवतं. बारा वाजता बाटली रिकामी, एक वाजता नाका: ७०-७५. मशीननं ७४ दाखवलं. पोरगा खरं बोलतोय.

लोकांना हेच कळत नाही. 'मी दारू नाही, बिअर घेतलीय' असं म्हणून गाडीवर बसतात.

आणि सकाळचं कुणी धरतच नाही. रात्री बाराला एक क्वार्टर संपवून झोपलेला माणूस सहा-साडेसहाला कुठं मर्यादेखाली येतो. अर्धी बाटली मारणारा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर असतो. अंघोळ केली, दोन कप चहा झाला, पोहे खाल्ले, तरी रक्ताला त्यातलं काही कळत नाही. सहाच्या शिफ्टला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

कुंदाप्रेमी
३ जानेवारी, सकाळी ८:२०

शब्द मागे. भावाला सॉरी सांगा.

पण मला एक विचारायचंय. फणस खाऊन मशीन वाजतं म्हणतात, ते खरं काय? खानापूरकडच्या पाव्हण्यांनी मे महिन्यात काय करायचं?

नाईटड्युटी
३ जानेवारी, सकाळी ९:००

हसू नका, झालंय ते. जुलै २०२५ मध्ये केरळात एसटीच्या चालकांची ड्युटीआधीची तपासणी घेताना पिकलेला फणस खाल्लेल्यांचं मशीन वाजलं होतं. जास्त पिकलेलं फळ आंबतं आणि तोंडात थोडं अल्कोहोल राहतं. होमिओपॅथीचे थेंब, माउथवॉश यांचंही तेच. पण ते तोंडातलं असतं, रक्तातलं नाही. चूळ भरून पंधरा मिनिटांनी परत फुंकलं की आकडा शून्यावर येतो. तसं असेल तर तिथंच शांतपणे सांगायचं की परत घ्या. दारू असेल तर पंधरा मिनिटांत चारच कमी होतील.

खाकीची_लेक
३ जानेवारी, दुपारी १:४५

बाबा ट्रॅफिकमधून रिटायर झाले. शहराला आयुक्तालय मिळालं २०१४ ला, त्याच्या आधीपासून नोकरीत. म्हणून थोडं आतलं.

नाका कुठंही लावत नाहीत. जिथं अलीकडं वळायला गल्ली नाही अशी जागा बघतात. बॅरिकेड सरळ नाही, वाकडी-तिकडी लावतात, म्हणजे गाडी आपोआप हळू होते आणि झोकांडी जाते काय ते लांबनंच दिसतं. अंगावर वर्दी असलेल्यालाच फुंकायला सांगता येतं. आणि संशय यायला काहीतरी कारण पाहिजे, ते कारण म्हणजे पहिले दोन प्रश्न. कुठनं आला, कुठं निघाला. उत्तर काय देता याला महत्त्व नाही, वास येतो का ते बघतात. मग नवीन नळी काढायची. पाकीट समोरच्याला दिसेल असं फोडायचं, हे बाबांचं फार होतं. शर्टाच्या खिशात नळ्यांचा गठ्ठा असायचा, आई धुताना दर वेळी एकदोन सापडायच्या.

लोक फुंकतच नाहीत हो. नळी तोंडात धरून आत ओढतात. गाल फुगवतात आणि हवा नाकातनं सोडतात. मशीनला पुरेशी हवा मिळाली नाही की ते आकडाच दाखवत नाही, परत घ्यावं लागतं. 'ऊद्री, ऊद्री! एळकोब्याड्री!' (फुंका, ओढू नका) हे बाबा झोपेत बोलायचे. खरंच. आम्ही पोरं हसून मरायचो.

फुंकायला नकार दिला तर सुटलो असं समजणारे बरेच. तसं नाही. नकार दिला तर ठाण्यात डॉक्टर रक्त घेऊ शकतो, आणि नकाराचं पटण्यासारखं कारण देता आलं नाही तर तो नकारच कोर्टात तुमच्याविरुद्ध धरला जातो.

फोनचं विचाराल तर, हो, यायचे. 'साहेबांशी बोला' म्हणून मोबाईल पुढं करणारे. चिठ्ठी निघायच्या आधी फोन आला तर धर्मसंकट. चिठ्ठी निघाली की बाबा म्हणायचे, मशीनला नंबर आहे, आता माझ्या हातात काही नाही. म्हणून ते चिठ्ठी लवकर काढायचे.

चंदगडी
३ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

आमच्या बाजूला एक समज आहे. बाची ओलांडून शिनोळीत आलं की महाराष्ट्र, मग बेळगावची केस गेली वाऱ्यावर. माझ्या चुलत्याची गाडी एमएच-०९. दोन वर्षांमागं बेळगावात बाजाराला गेलेले, येताना हिंडलग्याच्या पुढं धरलं. हे पोलिसाला काय म्हणतात, 'आम्ही महाराष्ट्रातले, कोल्हापूरला पाठवा केस.' पोलीस मराठीतच म्हणाला, 'काका, दारू कोल्हापुरात प्यालाय काय?'

केंद्राचा कायदा आहे. कलम १८५ अलीकडं तेच, पलीकडं तेच. गुन्हा जिथं झाला तिथलंच कोर्ट. लायसन्सची माहिती आता सगळी ऑनलाइन, कोल्हापूरच्या आरटीओत बसून दिसते. चुलत्यानं तीन वेळा बेळगावला हेलपाटे घातले, एकदा तर आपल्या बाजूचा बंद म्हणून एसटी नव्हती, मीच सोडायला गेलो.

सीमेचा फायदा फक्त एकाच बाबतीत होतो. यांच्याकडं ड्राय डे असला की आमच्याकडं गर्दी, आमच्याकडं असला की यांच्याकडं. आणि त्या रात्री वेंगुर्ला रोडवर जी वाहतूक असते ती बघण्यासारखी असते. लांबनं.

तिसरे_गेट
३ जानेवारी, रात्री ९:३०

हे सगळं ठीक आहे, पण माणसानं जायचं कसं ते पण सांगा. रात्री दहानंतर सीबीटीवरनं (मुख्य बसस्टँड) गावाकडं जाणारी बस नाही. रिक्षावाला अनगोळला दीडशे म्हणतो, उचगावला पाचशे. मीटर म्हटलं तर तो आपल्याकडं असा बघतो की आपणच पिऊन आलोय. बारला लायसन्स द्यायचं सरकारनं, बारसमोर पार्किंग करायला द्यायचं, आणि पाचशे मीटरवर नाका लावायचा. हा सापळा नाही तर काय?

कुंदाप्रेमी
३ जानेवारी, रात्री ९:४१

रिक्षाबद्दल शंभर टक्के सहमत. सापळ्याबद्दल नाही. बारमध्ये जाताना कुणी ढकललं नव्हतं.

शहापूरकरीण
४ जानेवारी, सकाळी ७:५०

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

माझा धाकटा भाऊ गेला त्याला सहा वर्षं झाली. उसाचा सीझन, रात्री नऊ-साडेनऊ. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यात मधेच उभा, मागं दिवा नाही, लाल फडकं नाही. भाऊ दुचाकीवर होता. तो पिलेला नव्हता. ट्रॅक्टरवाला पिलेला होता, तिथं जमलेल्या सगळ्यांना वास येत होता, एकानं तर व्हिडिओ काढला ज्यात त्याला उभं राहता येत नाहीये.

कुठल्या ठाण्याच्या हद्दीत ते लिहीत नाही. शहराबाहेर एवढंच. त्या रात्री त्यांच्याकडं मशीन नव्हतं म्हणाले. त्याला तपासणीला नेलं सकाळी साडेचारला. सात तासांनी. रिपोर्टमध्ये काय आलं असेल ते नाईटड्युटी ताईंच्या वरच्या हिशोबावरनं काढा. मर्यादेच्या खाली. १८५ लागलंच नाही. हयगयीचं कलम तेवढं लागलं.

शहरात काँग्रेस रोडला पोरांना फुंकायला लावतात, लावावंच. माझी त्याला काही हरकत नाही. पण माणसं मरतात ती जिथं दिवा नाही, नाका नाही आणि मशीन पण नाही तिथं.

नाईटड्युटी
४ जानेवारी, सकाळी ८:३०

ताई. सात तासांत शंभर उतरतात. हे मी कोरडेपणानं लिहितेय, माफ करा.

अपघातात तर पोलिसाला हॉस्पिटलमध्येही श्वास किंवा रक्त मागता येतं, डॉक्टरनं उपचाराच्या कारणासाठी आडकाठी केली नाही तर. वेळ हाच पुरावा आहे. आमच्याकडं नमुना येतो तेव्हा मी आधी बाटलीवरची वेळ बघते, आकडा नंतर.

ट्रॉलीवाला
४ जानेवारी, दुपारी १२:२०

शहापूरच्या ताई, वाईट वाटलं. खरंच.

माझा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, १० सीझन ऊस ओढलाय. सगळे पितात असं नाही, पण पितात हे खोटं सांगणार नाही. कारखान्याच्या आवारात रांगेत चोवीस-चोवीस तास उभं राहायचं, रात्रीची थंडी, झोप नाही, बाजूला ९० मिलीचं दारूचं पाकीट मिळतं. मालकाला खेपा पाहिजेत. ड्रायव्हर पिलाय हे मालकाला माहीत असतं, तरी किल्ली देतो. त्याचाही गुन्हा होतो काय?

काळा_कोट
४ जानेवारी, दुपारी १:०५

होतो. कलम १८८. पिलेल्याला गाडी चालवायला जो प्रवृत्त करतो किंवा मदत करतो त्यालाही १८५ चीच शिक्षा. वापरलं जात नाही, ती गोष्ट वेगळी. ट्रॅक्टर रस्त्यावर असला की तो मोटार वाहनच, शेतीचं अवजार म्हणून सूट नाही.

विम्याचंही सांगून टाकतो. समोरचा माणूस मेला किंवा जखमी झाला तर विमा कंपनी भरपाई देते, पण पुढं ती मालकाकडनं वसूल करायला मोकळी असते. स्वतःच्या गाडीचं नुकसान मात्र स्वतःच सोसायचं. २००७ ला दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे गाडी ठोकून जळाली होती, त्याचा निकाल सुप्रीम कोर्टात २०२१ ला लागला. मशीनचा आकडा नसतानाही बाकी पुराव्यांवरनं चालक प्यालेला होता असं धरून विमा नाकारणं कोर्टानं योग्य ठरवलं. आपली गाडी पोर्शे नाही, पण पॉलिसीत वाक्य तेच छापलेलं असतं.

गल्लीतला
५ जानेवारी, रात्री ११:५५

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट पहिल्या दिवशी लिहिली नव्हती. ताईंचं वाचल्यावर लिहायला पाहिजे असं वाटलं.

आमच्या गल्लीच्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. २१२ जण. ॲडमिन मी. मी स्वतः घेत नाही, त्या रात्री घरीच होतो. पावणेएकला कुणाचा तरी मेसेज आला की काँग्रेस रोडला चेकिंग आहे. मी तो ग्रुपवर टाकला. 'नाका लागलाय, आतनं या.' खाली दोन हात जोडलेले. असे मेसेज मी पाच-सहा वर्षं टाकतोय. गणपती विसर्जन, शिवजयंतीची मिरवणूक, लग्नाचा सीझन. पोरं 'थँक्यू भावा' म्हणतात.

भावाचा मोबाईल चार्जिंग संपून बंद पडला होता. त्याला मेसेज दिसला नाही. तो सरळ गेला आणि सापडला.

त्याच्या मागनं येणाऱ्या त्याच्या मित्राला दिसला. तो शुक्रवार पेठेतनं आत शिरला. तिथं गल्लीत दिवा गेलेला होता, ड्रेनेजसाठी खणून ठेवलेला चर होता, दोन फूट खोल. गळपट्टीचं हाड मोडलंय आणि जबडा. प्लेट घातलीय. फुंकायची नळी चुकवली, आता महिनाभर नळीनंच जेवतोय. हा विनोद त्यानंच कागदावर लिहून दाखवला, माझा नाही.

खर्च आतापर्यंत एक लाख साठ हजार. विम्याचं तुम्ही वर सांगितलंच.

त्याची आई काल भेटली. म्हणाली, 'बरं झालं बाबा तू मेसेज टाकलास, नाहीतर पोलिसांनी पकडलं असतं.' मी काहीच बोललो नाही.

कुंदाप्रेमी
६ जानेवारी, सकाळी ७:१०

सकाळी सकाळी काय लिहिलंस रे.

तिसरे_गेट
६ जानेवारी, सकाळी ९:२५

चर तू खणलेला नव्हतास. ड्रेनेजवाल्यानं बॅरिकेड लावलं नाही, महापालिकेनं दिवा बघितला नाही, आणि दोष मेसेजला? मेसेज नसता तरी कुणीतरी फोन केलाच असता. नाका सगळ्यांना कळतो, दहा मिनिटांत.

खाकीची_लेक
६ जानेवारी, सकाळी ११:४०

बाबांना तुमचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, आम्हाला मेसेज जातोय हे माहीत असायचं. म्हणून नाका तासाभरानं हलवायचो. पण मेसेज गेला की पहिल्या वीस मिनिटांत मुख्य रस्ता रिकामा आणि आतल्या गल्ल्यांतनं गाड्या ८० नं. तिथं म्हातारी माणसं शतपावलीला असतात, कुत्री झोपलेली असतात. एकदा त्यांनी साहेबांना सुचवलं होतं की एक माणूस आतल्या गल्लीत पण ठेवूया. माणसं नव्हती.

मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, त्या पोराला सांग ग्रुप बंद करू नको. त्यात रिक्षावाल्याचा नंबर टाक.

चंदगडी
६ जानेवारी, दुपारी २:००

हे चांगलं हाय. आमच्या गावात जत्रेला असं केलं होतं, एक टेम्पो ठरवून टाकला, रात्री एक वाजता सगळ्यांना घरी सोडायचा. पहिल्या वर्षी टेम्पोवालाच प्याला.

नाईटड्युटी
६ जानेवारी, दुपारी २:१०

😂 दुसऱ्या वर्षी?

चंदगडी
६ जानेवारी, दुपारी २:१४

दुसऱ्या वर्षी भजनी मंडळातला बघितला. माळकरी. तीन वर्षं चाललंय आता.

गल्लीतला
९ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

कोर्टाचं झालं आज. ज्यांना असं जायचं असेल त्यांच्यासाठी लिहितो.

साडेदहाला गेलो, नंबर लागला पावणेतीनला. आमच्या पुढं अकरा जण, त्यातले नऊ दुचाकीवाले. एक आजोबा स्कूटरवाले होते, ६८ वर्षांचे, नातीच्या बारशाहून येताना. सगळे इस्त्रीच्या शर्टात, माना खाली. न्यायाधीशांनी विचारलं, 'कुडिदिद्दिरा?' (प्याला होता काय?) भावाला कन्नड नीट येतं, पण घाबरून मराठीत म्हणाला, 'होय साहेब, एक बिअर.' मागं कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. १०,००० दंड. परत आलास तर दंडावर सुटणार नाहीस, एवढंच म्हणाले. काळा_कोट यांनी सांगितलं तसंच सगळं. विमा डिसेंबरात संपला होता, तो आधी भरून घेतला म्हणून वाचलो.

गाडी आणायला गेलो तर सीटवर मांजर झोपलेलं. बॅटरी उतरलेली. ढकलत पेट्रोल पंपापर्यंत आणली.

मावशीला कळलं. पैसे कुणी दिले विचारलं तेव्हा कळलंच. ओरडली नाही. त्याच्या मित्राला बघायला दवाखान्यात जाऊन आली आणि आल्यावर देवासमोर दिवा लावून बसली. भावाशी बोलत नाही, ताट मात्र वाढते.

ग्रुपवर आता दोन रिक्षावाल्यांचे नंबर वर लावून ठेवलेत. रात्री बारापर्यंत अनगोळला १२०, ठरवून घेतलंय. काल एकानं विचारलं, 'भावा, आज कुठं नाका?' मी रिक्षाचा नंबर टाकला. त्यानं हसणारं तोंड पाठवलं. दुसरे दोघे ग्रुप सोडून गेले.

लायसन्स आरटीओकडं गेलंय. तीन महिने अनगोळ ते उद्यमबाग कसं जायचं बघतोय. बसची वेळ शिफ्टला जुळत नाही.

तिसरे_गेट
९ जानेवारी, संध्याकाळी ७:५०

१२० ला खरंच येतो? नंबर इथं नको, मला व्यनि (खाजगी निरोप) करा.

कुंदाप्रेमी
९ जानेवारी, रात्री ८:०५

माझ्याकडं एक जुनी सायकल आहे, २२ इंची. चेन बदलावी लागेल, मागचा ब्रेक लागत नाही. रविवारी सकाळी गोवावेसला या म्हणावं भावाला, तिथंच दुरुस्त करून देऊया.

गल्लीतला
९ जानेवारी, रात्री ८:११

मागचा ब्रेक आधी बघूया.